कुकरवरची काळी बाहुली

माझे बाबा हळद शिजवायचे. वसमतच्या मोंढ्यात विकायला पोत्यांतून जी पिवळीधमक हळद येते ना, ती रानातून तशी निघत नाही. जमिनीतून काढलेली हळद ओली, मातकट, वेडीवाकडी असते. ती आधी वाफेवर शिजवायची, मग उन्हात वाळवायची, मग फिरत्या ढोलात घालून घासायची. त्यातलं शिजवायचं काम बाबांचं. कुकर किसनरावांचा, ट्रॅक्टर किसनरावांचा, पण आग, पाणी आणि वाफ बाबांच्या हातातली. गावात त्यांना वैजनाथ कुणी म्हणत नसे, कुकरवाला म्हणत. शाळेत मी कुकरवाल्याची सृष्टी. तेव्हा मला त्याचा राग यायचा नाही. आता कुणी तसं म्हणत नाही, त्याचा येतो.

मागच्या वर्षी फाल्गुनात, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, कुकर फुटला आणि बाबा गेले. पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात असं लिहून गेले. सगळ्यांना वाटलं, विषय संपला. मला नाही वाटलं, कारण कुकर आपोआप फुटत नाही. हे मला बाबांनीच सांगितलं होतं.

कुकर म्हणजे घरातला नव्हे. ट्रॉलीवर बसवलेली लोखंडी टाकी असते, तिच्यात पाणी, खाली भट्टी. पाण्याची वाफ होते आणि नळ्यांतून शेजारच्या पिपांमध्ये जाते. पिपांत कच्ची हळद भरलेली असते. टाकीच्या डोक्यावर एक वॉल असतो, जास्तीची वाफ सोडायची झडप. त्याला आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला लोखंडाचं वजन. वाफ जास्त झाली की ती दांडा उचलते, शिट्टी वाजवत बाहेर पडते आणि दांडा पुन्हा खाली बसतो.

"आतल्या वाफेला राग आला की हा उठतो, तिला जाऊ देतो, नि मंग गपगार खाली बसतो," बाबा मला कुकरपाशी समजावून सांगायचे. घरी आलं की आईकडं बघून डोळा मिचकवायचे. "तुझ्या आईला देवानं असला वॉल बसवलाच न्हाई. तिथंच सगळी तकलीफ हाय."

आई भाकरी थापता थापता हसू दाबायची आणि पिठाचा हात त्यांच्याकडं उगारायची.

कुकरपाशी मात्र बाबा एकदम गंभीर होत. "सृष्टे, एक ध्यानात ठिव. हा दांडा हलून राहिला तवर भ्याचं काम न्हाई. हलायचा थांबला की पळायचं."

म्हणजे त्या दिवशी तो हलायचा थांबला होता. का थांबला, एवढंच मला पाहिजे होतं.

बाबा बुटके होते, केस कुरळे, नखं बारा महिने पिवळी. लग्नाच्या पंगतीत लोक विचारत, "वैजनाथा, नवरदेव तूच हायस का काय?" त्यावर बाबा म्हणत, "व्हय, पण घरची सोडून न्हाई राहिली." सगळी पंगत हसायची. पण त्यांची खरी ओळख दुसरीच होती. दिलेला शब्द ते फिरवत नसत, अगदी हसू येईल इतके. सेनगावकडच्या एका गावाला सोमवारी येतो म्हणून सांगितलं आणि सोमवारी अंगात ताप. तर घोंगडी पांघरून ट्रॉलीत झोपून गेले आणि झोपल्या झोपल्या, आग वाढवा, आग कमी करा, असं हाताखालच्या टोळीला सांगत राहिले. एकदा आईनं स्वतःची शपथ घालून त्यांची तंबाखू सोडवली. त्यांनी ती कायमची सोडली. पुढं दुसऱ्यानं मळलेली तंबाखू हातात घेऊन नुसता वास घ्यायचे आणि परत द्यायचे. "वासाची शपथ न्हाई घातली तिनं," म्हणायचे. शिवकन्येची शपथ घातली तर वैजनाथ विहिरीतसुद्धा बसून राहील, अशी टोळीतली माणसं त्यांची थट्टा करायची. शिवकन्या म्हणजे माझी आई.

आणि त्याच आईनं, तेरावं झाल्यावर, बाबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि पेटीत पालथा घालून ठेवला.

"त्यायनी माझी शपथ मोडली," ती म्हणाली. वर्षभर ती बाबांविषयी एवढंच बोलली.

ती शपथ बाहुलीची होती. आमच्याकडं हंगामाच्या पहिल्या दिवशी कुकरची पूजा करतात. नारळ फुटला की कुकरवाल्याच्या बायकोनं कुकरला काळी बाहुली बांधायची, सोबत बिब्बा आणि मिरची, म्हणजे नजर लागत नाही. बांधलेली बाहुली हंगाम संपेपर्यंत पडता कामा नये. आणि बांधून झालं की तिनं तडक घरी निघायचं, मागं वळून पाहायचं नाही. आई दरवर्षी बाहुली स्वतः शिवायची आणि तांब्याच्या तारेनं बांधायची. तिची गाठ ठरलेली. दोन पीळ द्यायचे आणि तारेचं टोक आत वळवून दाबायचं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. शेळीच्या खुंट्याला, कुंपणाच्या फाटकाला, माझ्या दप्तराच्या तुटलेल्या कडीला, सगळीकडं तीच गाठ.

आई पाठमोरी झाली की बाबा ती बाहुली हळूच सोडत आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला बांधत. मला बोट ओठावर ठेवून दाखवत. वाफेनं बाहुली भिजू नये म्हणून करत असतील, असं मला वाटायचं. मागच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर शेजारच्या चंद्रभागा मावशीनं गप्पांच्या भरात हे आईला सांगून टाकलं. आई इतकी दुखावली की घरात कुणाशी बोलेना. शेवटी तिनं बाबांकडून वचन घेतलं. औंदा बाहुलीला हात लावला तर माझं मेलेलं तोंड बघाल, असं म्हणाली.

कुकर फुटल्यावर बाहुली सापडली नाही. आईनं त्याचा एकच अर्थ लावला. बाबांनी पुन्हा सोडली असणार, आणि म्हणून ते गेले.

मला ते पटत नव्हतं. तंबाखूचा नुसता वास घेणारा माणूस शपथ मोडेल कसा? आई बाबांवर रागावून बसली होती आणि बाबांना तर उत्तर देता येत नव्हतं. म्हणून ते शोधायचं काम माझं, असं मी ठरवून टाकलं.

मी विचारत सुटले. चंद्रभागा मावशीचीच हळद त्या दिवशी शिजत होती, म्हणून आधी तिला विचारलं. "देवाला आवडलं लेकरा," ती म्हणाली आणि उगीच सूप घेऊन धान्य पाखडायला बसली, जे तिनं सकाळीच पाखडलेलं होतं. किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, "पत्राच खराब निघाला, बाई. नशीब." आणि त्यांनी मला गूळ दिला. मी तो कुत्र्याला घातला. दत्ताकाकाला, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, दत्तप्रसादला विचारलं. तो टोळीत बाबांच्या हाताखाली होता. तो म्हणाला, "तू अभ्यास कर."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी विचारलं की सगळे आधी इकडंतिकडं बघत, आई कुठं आहे म्हणून. ती दिसली की विषय बदलत, पावसावर नाहीतर हळदीच्या भावावर बोलत. पारावर माणसं बोलत असली आणि आई घागर घेऊन जाऊ लागली की पार गप्प व्हायचा. तिला ते दिसत नव्हतं, ती खाली मान घालून जायची. मला दिसायचं.

मग शाळेत एका मुलीशी भांडण झालं. भांडणात ती बोलून गेली, "तुझ्या बापाच्या कुकरचा वॉल तारेनं बांधलेला होता, सगळ्यांला ठाऊक हाय!" बोलल्यावर तीच घाबरली. पुढं किती विचारलं तरी तोंड उघडेना.

वॉल बांधलेला होता! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वॉल बांधला की वाफ कोंडते, हळद लवकर शिजते, दिवसाला जास्त पिपं निघतात. घाई कुणाला असते? कुकरच्या मालकाला. त्या दिवसापासून किसनराव दिसले की मी त्यांच्याकडं टक लावून बघायची. ते नजर खाली घालायचे, त्यामुळं माझी खात्री आणखी पक्की झाली. मी मनात त्यांना फाशीसुद्धा देऊन टाकली होती.

बघता बघता पुन्हा हळदीचा हंगाम आला. रानातला पाला पिवळा पडून आडवा झाला. शेजारच्या गावांत कुकर लागले आणि वाऱ्याबरोबर शिजत्या हळदीचा वास आमच्या दारापर्यंत येऊ लागला. आधी मला तो वास फार आवडायचा. आता आला की मी नाक दाबायची. लांबून कुकरची शिट्टी ऐकू आली की आईच्या हातातलं भांडं पडायचं. चंद्रभागा मावशीच्या खळ्यावर, जिथं कुकर उभा होता, तिथं वर्षभर गवत उगवलं नव्हतं. बाया तिथून जाताना पदर सावरून वळसा घालायच्या.

आणि मग कळलं की किसनरावांनी तोच कुकर वसमतला दुरुस्त करून घेतलाय, आणि तो चालवणार आहे दत्ताकाका.

त्या संध्याकाळी आईनं जुना काळा परकर फाडला आणि बाहुली शिवायला घेतली. नेहमीपेक्षा मोठी. सुई वरखाली होत होती. मी म्हटलं, "आई, काकाला जाऊ देऊ नको." ती म्हणाली, "काकाला काय बी होत न्हाई. औंदा म्या नीट बंदोबस्त करते." ते ऐकून मला धीर यायला पाहिजे होता. उलट भीती वाटली, का ते तेव्हा कळलं नाही.

रविवारी काका कुकर आणायला वसमतला निघाला, तेव्हा मी ट्रॅक्टरवर चढून बसले आणि उतरलेच नाही. कुकर रतनसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानात होता. नवा पत्रा लावलेला, चांदीच्या रंगानं रंगवलेला. इतका चकचकीत की बघवेना. रतनसिंग मोठा बोलका माणूस. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. काका ट्रॉली जोडत होता आणि हा मला भंगाराच्या ढिगाकडं घेऊन गेला.

"ये देख बेटी, पुराना वॉल. मैंने फेका नहीं, सबको दिखाता हूँ. ऐसा काम कभी करने का नहीं."

त्यानं वॉल माझ्या हातात दिला. काळा पडलेला, तुटलेल्या नळीसकट. दांडा खालच्या नळीला तांब्याच्या तारेनं करकचून आवळलेला होता, हलायला जागाच नव्हती. तारेत जळक्या कापडाचा तुकडा अडकला होता आणि एक फुटका बिब्बा.

तारेला दोन पीळ होते. टोक आत वळवून दाबलेलं होतं.

मी ती गाठ बघत उभी राहिले. रतनसिंग आणखी काहीतरी सांगत होता, मला ऐकू येत नव्हतं. काकानं येऊन माझ्या हातातला वॉल काढून घेतला आणि ढिगावर ठेवला.

परतताना गाव यायच्या आधी त्यानं ट्रॅक्टर बाभळीखाली थांबवला.

"आईनं बांधला?" मी विचारलं.

"तिला काय ठाऊक गं, पोरी," काका म्हणाला. "तिला वाटलं दांडा ढिला हाय. हलून हलून बाहुली पडंल, म्हणून तिनं घट्ट आवळला. दरसाल तसाच आवळायची. म्हणून तर दादा तिच्या माघारी सोडून ठेवायचा. तिचं मन बी राहायचं नि वॉल बी मोकळा राहायचा."

"मग तिला सांगायचं ना!"

"त्याला वाटलं, आता सांगितलं तर ती म्हणंल, म्या दरसाल तुमच्या जिवावर बेतवत होते की काय. तिच्या जिवाला लागंल. एक हंगाम सांभाळून काढू, मंग सांगू, म्हणला." काकानं गमछ्यानं तोंड पुसलं. "सकाळी आग बारीकच ठिवली त्यानं. सोता नळाची चावी उघडून जरा जरा वाफ सोडत बसला. पर दुपारी आभाळ आलं. हळद उघड्यावर. मालक घाई करून राहिले, टोळीनं भट्टीत लाकडं सारली. त्यात म्याबी होतो. वाफ वाढली, चावी तुंबली. दादाच्या खिशात पक्कड होती. म्या वरडलो, दादा, तोड ती तार! तो म्हणला, शपथ हाय रे तिची. आमाला म्हणला, पळा. नि सोता खोरं घिऊन भट्टीतली आग भाईर वढायला बसला. आग काढली तर शपथ बी राहील नि कुकर बी राहील, असं वाटलं आसंल त्याला. निम्मी आग भाईर आली होती."

"तुम्ही का नाही तोडली तार?"

"म्या पळालो," तो म्हणाला.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दवाखान्याच्या बाहेरच त्यांनी ठरवलं होतं की शिवकन्येला हे कळू द्यायचं नाही. भाऊ गेला, आता वहिनीला कशाला घालवू, असं काका म्हणाला. किसनरावांनी नजर खाली घातली, मावशीनं पाखडलेलं धान्य पुन्हा पाखडलं, ते सगळं आईसाठी होतं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. चांगली माणसं होती सगळी. पण त्यांच्या चांगुलपणात बाबा खोटे ठरले होते, आणि घरी नवी बाहुली शिवून तयार होती.

"औंदा मी दादावाणीच करीन," काका म्हणाला. "ती गेली की सोडीन नि ट्रॅक्टरला बांधीन. तू आईला सांगू नको. माझी शपथ हाय तुला."

"मी शपथ घेत नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात शपथा फार झाल्या."

पण मी सांगितलंही नाही. घरी आले तर आई बाहुलीला डोळे शिवत होती. मी तिला सुईत दोरा ओवून दिला.

पूजा सकाळी होती. पुन्हा चंद्रभागा मावशीचंच खळं. कुकर त्याच जागेवर उभा केला, कारण पाणी तिथंच जवळ होतं. नारळ फुटला. आईनं शिडी लावली, वर चढली आणि बाहुली बांधायला लागली. दांडा तिच्या हाताखाली हलला, तशी तिनं तो एका हातानं खाली दाबला आणि दुसऱ्या हातानं तार आवळली. खाली किसनराव जमिनीकडं बघत होते. मावशी पदराशी चाळा करत होती. टोळीतला एकजण खोकला.

आई उतरली. मला वाटलं, आता ती जाईल आणि काका सोडेल. तिनं मला हात धरून काकापुढं उभं केलं.

"भावजी, हिच्या डोक्यावर हात ठिवा. म्हणा, बाहुलीला हात लावणार न्हाई."

"वहिनी, कशापायी—"

"तुमच्या भावानं माझी शपथ मोडली नि जीव गमावला. माझी नगं, लेकराची घ्या. म्हणा."

काकानं माझ्याकडं पाहिलं, मग किसनरावांकडं, मग टोळीकडं. सगळ्यांनी माना फिरवल्या. त्याचा हात माझ्या डोक्यावर आला. घामानं ओला होता. "न्हाई लावणार," तो म्हणाला.

आई समाधानानं वळली आणि रीतीप्रमाणं मागं न बघता घराची वाट चालू लागली.

पाणी पहाटेपासून तापत होतं, आता भट्टी नीट पेटली. मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. काका टोळीला म्हणाला, "आग बारीक ठिवा. नि तुमी लांब बसा, मी हाय इथं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सृष्टे, घरी जा. प्यायला पाणी घिऊन ये." त्याचा आवाज शांत होता. बाबांचाही असाच झाला असेल, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तोही तसाच बसणार होता, चावीजवळ, खिशात पक्कड घेऊन. या खेपेला तो पळणार नव्हता. नळ्या तापून टकटक वाजायला लागल्या होत्या. वर दांडा गप्प होता.

शपथ काकानं घेतली होती. मी घेतली नव्हती.

मी शिडीवर चढले. खालून कुणीतरी ओरडलं. पत्रा तापला होता, गुडघ्याला चटका बसला. तारेचं आत दाबलेलं टोक मी नखानं वर काढलं आणि पीळ उलटा फिरवला. एक सुटला, मग दुसरा. इतकी घट्ट तार, पण बोटाला साधा ओरखडासुद्धा आला नाही, कारण आईनं टोक आत वळवलेलं होतं. बाहुली माझ्या हातात आली. दांडा हलला, उठला आणि फुस्स करून वाफ बाहेर पडली. शिट्टी सगळ्या शिवारात गेली.

वाटेवर आई थांबली. आणि मागं वळली.

ती पळत आली. मला शिडीवरून ओढून काढलं आणि तिचा हात वर गेला. "काहून सोडलीस? काहून? आता काकालाबी घालवती का? बापानं केलं तेच—"

"बाबांनी सोडली न्हवती."

"मंग बाहुली कुठं गेली?"

"वसमतला, कुकर नीट केला त्या रतनसिंगच्या दुकानात हाय. वॉलला तशीच हाय, आई. तुझीच गाठ हाय. दोन पीळ नि टोक आत."

तिचा हात तसाच वर राहिला. तेवढ्यात दांडा पुन्हा उठला, वाफ सुटली आणि दांडा खाली बसला. आईनं वर पाहिलं. इतकी वर्षं बाहुली बांधून ती मागं न बघता घरी गेली होती. दांडा उठताना तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"हा असा हलतो?" तिनं विचारलं.

शेवटी काकाच बोलला. "हलायलाच पायजे, वहिनी."

आईनं सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली. किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली होती. चंद्रभागा मावशी तोंडात पदर कोंबून रडत होती. आई मातकट हळदीच्या ढिगाशी खाली बसली आणि माझ्या हातातली तार घेऊन सरळ करत राहिली. मी तिच्या गळ्यात पडले. ती मला जवळ घेतही नव्हती आणि दूरही करत नव्हती. मला तेव्हा फार वाटलं की सांगायला नको होतं. आणि दांड्याची शिट्टी झाली की वाटायचं, सांगितलं ते बरं झालं.

काकानं दिवसभर हळद शिजवली. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं पेटी उघडली, बाबांचा फोटो काढला आणि पदरानं पुसला. भिंतीवरचा खिळा तसाच होता. फोटो टांगून ती त्याच्यासमोर बसली. वर्षभर ती ज्या एका गोष्टीसाठी त्यांच्यावर रागावली होती, ती त्यांनी केलीच नव्हती. आता तरी ती त्यांची माफी मागेल, असं मला वाटलं.

"काहून पाळली हो?" ती फोटोला म्हणाली. "मोडायची होती. काहून पाळली?"

वर्षभर मी सगळ्यांना विचारत फिरले होते, आणि माझी सगळी उत्तरं मला मिळाली होती. आई मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली.